१४४ वा ट्रक आणि उणे दोन कोटी: सी भाषेतले डेटा टाइप पायरीपायरीने

सावद्याच्या बाजूला केळीचा व्यवसाय करणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी मी काही वर्षांपूर्वी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काट्यावरचं वजन आणि त्या दिवसाचा भाव टाकला की शेतकऱ्याची पट्टी निघायची, आणि खाली हंगामाची आजवरची एकूण रक्कम दिसायची. हिशेबात एका पैशाचाही फरक पडू नये म्हणून सगळ्या रकमा मी पैशांत धरल्या होत्या आणि इंट, म्हणजे पूर्णांकाच्या टाइपमध्ये ठेवल्या होत्या. पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी फोन आला: एकूण रकमेच्या जागी उणे दोन कोटी तेरा लाख दिसतायत.

आकडे समजायला सोपे करून सांगतो. एक ट्रक १०० क्विंटलचा, भाव क्विंटलला १५०० रुपये, म्हणजे ट्रकमागे दीड लाख. १४३ ट्रक झाले तेव्हा एकूण २,१४,५०,००० रुपये, पैशांत २,१४,५०,००,०००. चार बाइटांच्या इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. म्हणजे १४३ व्या ट्रकपर्यंत हिशेब अगदी बरोबर होता. १४४ व्या ट्रकला बेरीज २,१६,००,००,००० व्हायला हवी होती. ती मावली नाही आणि पडद्यावर उणे २,१३,४९,६७,२९६ पैसे उमटले. प्रोग्रॅम बंद पडला नाही, त्याने एरर दिला नाही, पट्ट्या छापणं चालूच होतं.

त्यानंतर शिकवताना मी डेटा टाइपचा धडा पहिल्या तासात उरकणं सोडून दिलं. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी परीक्षेपुरता एक तक्ता म्हणून शिकवला जातो: इंट इतके बाइट, फ्लोट इतके बाइट, पाठ करा. तक्ता पाठ असूनही माझा १४४ वा ट्रक अडकला. म्हणून या लेखात एकच पट्टी हातात धरून पुढे जाऊ, आणि तिच्यातल्या एकेका रकान्याला कोणता टाइप द्यायचा ते ठरवू. कीवर्ड मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच ते इंग्रजीत येतील.

आधी, टाइप म्हणजे नक्की काय

व्हेरिएबल म्हणजे डबा आणि टाइप म्हणजे डब्याचा आकार, असं पुस्तकात असतं. ही उपमा अर्धीच खरी आहे. मेमरीत फक्त बिट असतात, शून्य आणि एक. एखाद्या ठिकाणचे चार बाइट घ्या. ते इंट म्हणून वाचले तर १,०६,५३,५३,२१६ होतात. तेच चार बाइट, एकही बिट न बदलता, फ्लोट, म्हणजे अपूर्णांक म्हणून वाचले तर बरोबर १.० होतात. आकार दोन्हीकडे तोच, किंमत मात्र वेगळी. तेव्हा टाइप म्हणजे जागा किती हे तर आहेच, पण त्याहून जास्त तो त्या जागेतले बिट कसे वाचायचे याचा करार आहे.

सी, सी प्लस प्लस किंवा रस्ट यांसारख्या कंपाइल होणाऱ्या, म्हणजे चालवण्याआधी कंपायलर ज्यांचा मशिन कोड बनवतो अशा भाषांत हा करार आधीच करावा लागतो. कंपायलर तुमचा प्रोग्रॅम वाचतो तेव्हाच टाइप बघून ठरवतो, की इथे पूर्णांकांची बेरीज लावायची की अपूर्णांकांची, चार बाइट उचलायचे की आठ. एकदा मशिन कोड तयार झाला की ‘हे वजन’, ‘ही रक्कम’ ही ओळख त्यात उरत नाही. पायथॉनमध्ये प्रत्येक किंमत आपला टाइप सोबत घेऊन फिरते आणि पूर्णांक लागेल तेवढा वाढतो. त्यामुळे पायथॉनकडून सीकडे येणाऱ्या मुलांना इथे सगळ्यात जास्त ठेचा लागतात. सीमध्ये प्रोग्रॅम चालू झाल्यावर विचारायला कोणी नसतं. विचारायची वेळ कंपाइल करण्याआधीची.

पायरी १: आपल्या मशिनवर माप घ्या

मी स्वतः टर्बो सीवर शिकलो. तिथे इंट दोन बाइटांचा होता, कमाल किंमत ३२,७६७. त्या काळच्या वह्या अजून फिरतात, आणि आजच्या जीसीसी या कंपायलरवर काम करणारी मुलंही ‘इंट दोन बाइट’ असंच लिहितात. आजच्या संगणकांवर तो साधारणपणे चार बाइटांचा असतो. अर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मात्र आजही दोनच. सी भाषेचं प्रमाण फक्त किमान हमी देतं: इंट निदान १६ बिट, लाँग निदान ३२ बिट, आणि १९९९ च्या प्रमाणात आलेला लाँग लाँग निदान ६४ बिट.

लाँगचं तर आणखी वेगळं आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइट, ६४ बिटांच्या विंडोजवर चारच. म्हणजे कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये नीट चाललेला हिशेब घरच्या विंडोज लॅपटॉपवर उणे होऊ शकतो. म्हणून वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहा. टाइप किती बाइटांचा ते साइझऑफ सांगतं. साइझऑफ इंट, साइझऑफ लाँग, साइझऑफ लाँग लाँग, साइझऑफ फ्लोट, साइझऑफ डबल, एवढं छापून बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर मशिनच्या नावासह लिहून ठेवा.

जिथे आकार पक्का हवाच, उदाहरणार्थ फाइलमध्ये रेकॉर्ड लिहिताना, तिथे स्टँडर्ड इंट हेडरमधले टाइप वापरा: इंट१६_टी, इंट३२_टी, इंट६४_टी. नावातच बिट सांगितलेले असल्याने मशिन बदललं तरी आकार बदलत नाही. नवीन प्रोग्रॅममध्ये मी पैशांसाठी आता हेच वापरतो.

पायरी २: कोड लिहिण्याआधी कागदावर पट्टी मांडा

प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न विचारायचे. याची बेरीज-वजाबाकी करायची आहे का? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत कोणती येऊ शकते? अपूर्णांक लागतो का, आणि लागला तर किती बारीक?

पहिला प्रश्न मुलं टाळतात, आणि तिथेच अर्ध्या चुका होतात. मोबाइल नंबर हा आकड्यांनी लिहिला जातो, पण दोन मोबाइल नंबरांची कोणी बेरीज करत नाही. शिवाय नव्वद-अठ्ठ्याण्णवने सुरू होणारा दहा आकडी नंबर चार बाइटांच्या इंटमध्ये बसतही नाही. तो मजकूर आहे; कॅर अॅरेत, म्हणजे अक्षरांच्या सलग रांगेत ठेवा. सातबाऱ्यावरचा गट नंबर ‘१२/२अ’ असा असू शकतो, तोही मजकूर. बँकेच्या खाते क्रमांकाला पुढे शून्यं असतील तर इंटमध्ये ती गळून पडतात.

पुढच्या शून्याचं सीमध्ये आणखी एक खास दुखणं आहे. शून्याने सुरू होणारी संख्या सी भाषा आठच्या पायाने, म्हणजे ऑक्टलमध्ये वाचते. जळगावचा एसटीडी कोड ०२५७ तुम्ही इंटमध्ये थेट लिहिला, तर त्यात २५७ नाही, १७५ जातात: दोन चौसष्ट, पाच आठ आणि सात. भुसावळचा ०२५८२ लिहिला तर कंपायलर अडवतोच, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नसतो. भुसावळवाल्याला निदान एरर मिळतो. जळगावचा चुकीचा आकडा गुपचूप आत जातो, म्हणून तो जास्त घातक.

बेरीज करायचे रकाने मग उरतात मोजकेच: घडांची संख्या, वजन, भाव, हमाली, रक्कम, एकूण रक्कम. पहिल्या पाचांची मर्यादा एका पट्टीपुरती आहे. शेवटचा रकाना हंगामभर वाढत राहतो. माझी चूक नेमकी इथे झाली: मी रकमेचा टाइप ठरवताना एका ट्रकची रक्कम डोळ्यासमोर ठेवली आणि तोच टाइप एकूण रकमेलाही दिला.

पायरी ३: पूर्णांक निवडणं

मर्यादा कुठून येते ते एकदा समजलं की पाठांतर लागत नाही. ८ बिटांनी २५६ वेगवेगळ्या किमती दाखवता येतात. साइन्ड, म्हणजे उणे संख्याही धरणारा टाइप असेल तर त्या उणे १२८ ते १२७ अशा वाटल्या जातात, अनसाइन्ड, म्हणजे उणे न धरणारा असेल तर ० ते २५५. १६ बिटांच्या शॉर्टला उणे ३२,७६८ ते ३२,७६७. ३२ बिटांना सुमारे २१४ कोटी ७४ लाखांपर्यंत दोन्ही बाजूंना. ६४ बिटांच्या लाँग लाँगमध्ये पैशांत हिशेब ठेवला तरी ९२२ कोटी कोटी रुपयांपर्यंत जाता येतं. रावेर-यावल-चोपड्याची सगळी केळी त्यात सुखाने मावतील.

मग सगळीकडे लाँग लाँगच का नको? एका पट्टीसाठी काहीच हरकत नाही. पण समजा भुसावळच्या उन्हाची दर मिनिटाला नोंद ठेवायची आहे. ४५.६ अंश हे ४५६ म्हणून, दशांशाची एक जागा सरकवून ठेवलं. कॅरमध्ये ते बसत नाही, १२७ च्या पुढे गेलं. शॉर्टमध्ये बसतं. वर्षभरात ५,२५,६०० नोंदी होतात. शॉर्टने साधारण साडेदहा लाख बाइट लागतात, लाँग लाँगने त्याच्या चौपट. एकाच जातीच्या लाखो किमती असतात तेव्हा लहान टाइप कामाचा. सुट्या व्हेरिएबलसाठी काटकसर करू नका, त्यातून वाचतं काहीच नाही.

मर्यादा ओलांडली की काय होतं, यात एक बारकावा आहे. अनसाइन्ड टाइप ठरलेल्या नियमाने फिरून शून्यावर येतो; हे भाषेने मान्य केलेलं वागणं आहे. साइन्ड टाइपबाबत भाषा कुठलीच हमी देत नाही. बहुतेक वेळा माझ्यासारखी उणे संख्या दिसते, पण ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची सोय चालू असताना कंपायलर ‘असं कधी होणारच नाही’ असं धरून तुमची तपासणीची ओळच उडवून देऊ शकतो. म्हणून बेरीज करून मग ‘उणे झालं का’ बघणं हा उपाय नव्हे. बेरजेच्या आधी बघा: कमाल किमतीतून आजवरची रक्कम वजा केली तर नवीन पट्टी मावते का?

वजन कधी उणे नसतं म्हणून ते अनसाइन्ड ठेवावं, असा मोह होतो. मी तो सोडला आहे. ४० किलोंतून चुकून ४५ किलो घट वजा झाली, तर अनसाइन्ड इंटमध्ये उत्तर ४,२९,४९,६७,२९१ येतं. साइन्डमध्ये उणे पाच आलं असतं, आणि उणे वजन बघून कोणालाही लगेच चूक कळली असती.

पायरी ४: अपूर्णांक, आणि पैशांना फ्लोट का नको

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती दिसत नाही.

जळगावच्या सराफ बाजारातला काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, पण त्यावर केळीचा घड ठेवता येत नाही. हायवेवरचा ट्रकचा वजनकाटा वीस-तीस टन तोलतो, पण तो पाच-दहा किलोंच्या टप्प्याने सरकतो. त्यावर अंगठी ठेवली तर आकडा हलणार नाही. आता असा एकच काटा कल्पा, जो हलक्या वजनाला सराफाचा असतो आणि ओझं वाढेल तसा आपोआप ट्रकचा होत जातो. फ्लोट म्हणजे हा काटा. त्याच्याकडे २४ बिटांची, म्हणजे साधारण सात आकड्यांची अचूकता आहे. ते सात आकडे कुठेही वापरा, पण सातच.

रुपयांत रक्कम फ्लोटमध्ये ठेवली तर काय होतं बघा. १,३१,०७२ रुपयांच्या वर गेलं की दोन शेजारच्या किमतींतलं अंतर दीड पैशाहून जास्त होतं, म्हणजे एक पैसा धरताच येत नाही. आमचा एक ट्रकच दीड लाखाचा. आणि १,६७,७७,२१६ रुपयांना पोहोचलं की त्यात एक रुपया मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च राहतं. लूपमध्ये लाख वेळा एकेक रुपया मिळवा, रक्कम जागची हलत नाही. हे माझ्या शब्दावर घेऊ नका. तीन ओळींचा प्रोग्रॅम आहे, करून बघा. वर्गात हे चालवून दाखवलं तेव्हा अमळनेरचा एक मुलगा उठून पडद्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, हाई काय व्हयनं?” (हे काय झालं?) त्या दिवशी फ्लोट त्याला कायमचा समजला.

डबलमध्ये ५३ बिटांची अचूकता आहे, पंधरा-सोळा आकडे. वजन, तापमान, सरासरी, टक्केवारी यांना डबल उत्तम. पण दुसरी एक अडचण डबललाही आहे. संगणक अपूर्णांक दोनच्या छेदांनी लिहितो: अर्धा, पाव, आठवा हिस्सा. आपण एकाला तीनने भागलं की ०.३३३ लिहीत बसतो, तसं त्याचं ०.१ च्या बाबतीत होतं, संपतच नाही. म्हणून डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ केल्यावर दशांशानंतर सतरा आकडे छापले तर ०.३०००००००००००००००४ दिसतं, आणि ०.३ शी बरोबरीची तपासणी खोटी ठरते. ०.२९ ला १०० ने गुणून इंटमध्ये टाकलं तर २९ नव्हे, २८ मिळतात, कारण गुणाकार २८.९९९ च्या घरात येतो आणि इंट दशांशानंतरचं सगळं कापून टाकतो. २९ पैशांचे २८ झाले.

ही बारीक चूक साठत गेली की काय होतं, याचा एक जड दाखला आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होतं, आणि तो ०.१ चोवीस बिटांत कापून ठेवलेला होता. शंभर तास सलग चालल्यावर फरक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा साठला होता.

आपल्या पट्टीसाठी निर्णय असा: पैसे पूर्णांकात, पैशांच्या एककात, लाँग लाँगमध्ये (किंवा इंट६४_टीमध्ये). वजन किलोंत पूर्ण येत असेल तर तेही पूर्णांकात. ग्रॅम लागत असतील तर ग्रॅमचेच पूर्णांक करा.

*लाँग लाँग एकूण_पैसे = ०;*
*इंट वजन_किलो;*
*इंट भाव_पैसे; // क्विंटलचा*

नावातच एकक लिहा. ‘वजन’ एवढंच नाव असलं की सहा महिन्यांनी ते किलो की क्विंटल हे तुम्हालाही आठवणार नाही, आणि कंपायलरला तर कधीच कळणार नाही.

पायरी ५: गणिताच्या मधल्या टप्प्यावर लक्ष

टाइप नीट निवडूनही हिशेब चुकतो, तो बहुतेक इथे.

वजन ९,८४० किलो, भाव १,५२५ रुपये क्विंटल. किलोंचे क्विंटल करायला १०० ने भागलं. दोन्ही बाजूंना इंट असेल तर भागाकारही इंट: उत्तर ९८. वरचे ४० किलो गेले. खरी रक्कम १,५०,०६० रुपये, आपण काढली १,४९,४५०. शेतकऱ्याच्या पट्टीतून ६१० रुपये एका भागाकाराच्या चिन्हाने कापले गेले. उत्तर डबल व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी उपयोग नाही, कारण भागाकार आधीच इंटमध्ये होऊन गेलेला असतो; ९८ चं ९८.० होतं एवढंच. म्हणून आधी गुणा, मग भागा.

पण गुणतानाही सांभाळा. वजन १४,२०० किलो, भाव १,५२,५०० पैसे. गुणाकार २,१६,५५,००,०००, म्हणजे इंटच्या बाहेर. १०० ने भागल्यावरचं अंतिम उत्तर २,१६,५५,००० पैसे इंटमध्ये आरामात मावतं, पण तिथे पोहोचण्याआधीच गणित बिघडलं. डावीकडे लाँग लाँग लिहिल्याने हे सुटत नाही. कंपायलर उजव्या बाजूला फक्त तिथले टाइप बघतो: इंट गुणिले इंट. म्हणून दोघांपैकी एकाला गुणाकाराच्या आधी मोठं करा:

*रक्कम_पैसे = (लाँग लाँग) वजन_किलो \* भाव_पैसे / १००;*

कंस कुठे आहे ते बघा. सगळ्या गुणाकाराला कंसात घालून मग बाहेरून लाँग लाँग लावलं तर बिघडलेल्या उत्तराला मोठं केल्यासारखं होतं.

याचंच शेतावरचं रूप. यावलकडच्या एका मुलाने प्रकल्प म्हणून ठिबकचा टायमर अर्डुइनो उनोवर केला होता. झालेले सेकंद इंटमध्ये मोजायचे, दहा तास झाले की व्हॉल्व्ह बंद. कॉलेजमध्ये दोन तास लावून बघितलं, छान चाललं. शेतात रात्री लावलं तर सकाळपर्यंत पाणी चालूच. उनोवर इंट १६ बिटांचा, ३२,७६७ सेकंद म्हणजे ९ तास ६ मिनिटं ७ सेकंद. त्यानंतर मोजणी उण्यात गेली आणि ३६,००० हा आकडा कधी आलाच नाही. मोजणीचा टाइप बदलून लाँग केला तेव्हा त्याने मर्यादाही नव्याने लिहिली, आणि पुन्हा तोच प्रकार झाला: मर्यादा लाँगमध्ये ठेवली होती, पण लिहिली होती १० \* ६० \* ६०. तिन्ही आकडे इंट, त्यामुळे गुणाकार उणे २९,५३६. पहिल्या दहाला ‘एल’ हे अक्षर जोडून तो लाँग केला, तेव्हा व्हॉल्व्ह वेळेवर बंद व्हायला लागला.

उनोवर वेळ मोजण्याचं मिलिस हे फंक्शन अनसाइन्ड लाँग देतं. ते सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. ठिबक दोन-दोन महिने बंद न करता चालतं, तेव्हा हे होणारच. ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ अशी वजाबाकी अनसाइन्डमध्येच केली तर फिरून आलं तरी उत्तर बरोबर येतं. अनसाइन्डचा हा खरा उपयोग.

मोठ्या टाइपमधून लहानात टाकतानाही तीच दक्षता. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत फुटलं. ६४ बिटांची अपूर्णांकी किंमत १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात बसवताना ती मावली नव्हती. तो कोड आधीच्या एरियान ४ मध्ये बिनतक्रार चालला होता. एरियान ५ चा वेग जास्त होता.

पायरी ६: अक्षरं, आणि नंदुरबारची अडचण

कॅर हा खरं तर एक बाइटाचा पूर्णांक आहे. तो साइन्ड की अनसाइन्ड हे भाषेने ठरवलेलं नाही. इंटेलच्या पीसीवर सहसा साइन्ड, एआरएमवरच्या लिनक्समध्ये सहसा अनसाइन्ड. एकेक अक्षर वाचणारं गेटचार फंक्शन इंट देतं, ते कॅरमध्ये घेतलं तर फाइल संपल्याची खूण काही मशिनवर कधीच ओळखली जात नाही.

मराठीत नावं ठेवायची असतील तर आणखी एक गोष्ट मोजा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. ‘जळगाव’ म्हणजे ज, ळ, ग, काना, व: पाच चिन्हं, १५ बाइट. मजकुराची लांबी सांगणारं स्ट्रलेन हेच १५ सांगतं, ते अक्षरं मोजत नाही. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी एक बाइट धरून १६. पुस्तकातल्या सवयीने गावाच्या नावाला २० कॅर दिले, तर जळगाव आणि अमळनेर बसतात. ‘नंदुरबार’ला २५ लागतात, ‘मुक्ताईनगर’ला ३१. जागा मोजून न घेता नाव कॉपी केलं तर ते शेजारच्या मेमरीवर चढतं. मधे कापलं तर तीन बाइटांपैकी एक-दोनच राहून शेवटी चौकोन दिसतो. गावाच्या नावाला मी १०० बाइट देतो.

बागेचा प्रकार, मृगबाग की कांदेबाग, यासाठी इनम, म्हणजे ठरावीक पर्यायांना नावं देणारा टाइप वापरा. १ आणि २ लिहिले की कोणता आकडा कोणाचा हे विसरतं. रक्कम दिली की नाही याला बूल. हे सगळे रकाने स्ट्रक्टमध्ये एकत्र बांधताना मोठे आधी, लहान नंतर असे ठेवा: कॅर, इंट, कॅर या क्रमाने साधारण १२ बाइट लागतात, इंट, कॅर, कॅर या क्रमाने ८, कारण इंट चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवायला कंपायलर मधे मोकळी जागा सोडतो.

पायरी ७: छापताना, घेताना, आणि तपासताना

व्हेरिएबलचा टाइप बदलला की छापणाऱ्या प्रिंटएफ आणि इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमधली खूणही बदला. इंटला पर्सेंट डी, लाँग लाँगला पर्सेंट एलएलडी. डबल छापताना पर्सेंट एफ चालतं, पण स्कॅनएफने डबल घेताना पर्सेंट एलएफच लागतं. नुसत्या एफने आठपैकी चारच बाइट भरले जातात आणि किंमत भलतीच येते. लॅबमध्ये ‘सर, इनपुटच चुकीचं घेतोय’ म्हणून हात वर होतो, तेव्हा मी आधी ही खूण बघतो.

जीसीसीला सूचना द्यायला सांगा. डॅश कॅपिटल डब्ल्यू ऑल आणि डॅश कॅपिटल डब्ल्यू एक्स्ट्रा हे पर्याय कायम चालू ठेवा. प्रिंटएफमधल्या चुकीच्या खुणा तिथेच पकडल्या जातात. डॅश कॅपिटल डब्ल्यू कन्व्हर्जन हा मोठ्यातून लहानात जाणारी प्रत्येक जागा दाखवतो. सूचना खूप येतात, पण पैशांच्या प्रोग्रॅममध्ये एकेक वाचण्याइतका वेळ काढावाच.

शेवटी, एका ट्रकवर तपासून प्रोग्रॅम हातात देऊ नका. अख्ख्या हंगामाचे आकडे बनवा आणि लूपमध्ये पाचशे ट्रक घाला. कंपाइल करताना डॅश एफसॅनिटाइझ बरोबर अनडिफाइन्ड हा पर्याय लावला, की साइन्ड टाइपची मर्यादा ओलांडली जाते त्याच क्षणी प्रोग्रॅम ओळ क्रमांकासह सांगतो. तो पर्याय लावून मी माझा जुना प्रोग्रॅम पुन्हा चालवला. १४३ ट्रक गप्प गेले, आणि १४४ व्याला पडद्यावर ओळ आली: साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो, २१४५०००००० अधिक १५०००००० ही बेरीज इंट टाइपमध्ये दाखवता येत नाही.